लसीतली ‘आपोआप जुळणारी चिप’: तो फोटो कशाचा आहे ते तरी बघा

“लसीचा थेंब काचेवर वाळवला की सर्किट तयार होतं, रक्तात त्याचं षटकोनी अँटेनाचं जाळं बनतं, आणि शास्त्रज्ञ स्वतःच याला सेल्फ-असेंब्ली (रेणूंनी आपोआप जुळणं) म्हणतात.” हा मेसेज परत फिरतोय आणि तो वाचून माझ्या वहिनीने पुतणीची शाळेतली टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस थांबवलीय, त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी मेसेजसोबतचा तो चमकणारा केशरी जाळीचा फोटो, जो म्हणे 5जीने चमकतोय. असले फोटो मी पीएचडीत स्वतः काढलेत. ग्राफाइटवर ट्रायमेसिक अ‍ॅसिड टाकलं की त्याचे रेणू हायड्रोजन बाँडने एकमेकांना धरतात आणि अशीच षटकोनी जाळी बनते, एका रेणूइतक्या जाडीची, दोन भोकांमधलं अंतर जेमतेम दीड-पावणेदोन नॅनोमीटर. साध्या भिंगाच्या मायक्रोस्कोपला साधारण 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसतच नाही, मग पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तात ही जाळी कुणाला दिसली? ती दिसते एसटीएममध्ये, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये, जो बिनिग आणि रोहरर यांनी 1981 मध्ये आयबीएमच्या झुरिक लॅबमध्ये बनवला आणि 1986 चं नोबेल मिळवलं. त्यात भिंग नाहीच, धातूची सुई पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावरून फिरते आणि मधून वाहणारा करंट मोजतात, सुई 0.1 नॅनोमीटर वर गेली तरी करंट साधारण दहापट घटतो. खालचा पृष्ठभाग वीज वाहणारा लागतो, काचेच्या स्लाइडवर हे मशीन चालतच नाही! आणि करंटला रंग नसतो, तो केशरी रंग सॉफ्टवेअरने भरलेला असतो, त्यात ‘5जीने चमकतंय’ असं काही नाही.

वाळलेल्या थेंबातल्या सरळ रेषा आणि चौकोन? कोविशील्डच्या घटकांच्या छापील यादीत मीठ आणि साखर आहे, पाणी उडालं की त्यांचे स्फटिक होणारच. विषय संपला.

सेल्फ-असेंब्ली मात्र खरी आहे, एवढं मान्य करावं लागतं. एमआरएनए लसीतले चरबीचे बारीक कण तसेच बनतात, आपल्या पेशींचं आवरणसुद्धा तसंच बनतं. पण रेणू आपोआप रांगेत बसले म्हणून त्यांना बॅटरी आणि सिग्नल कुठून येणार?

आणि टीडीत तर ते कणही नाहीत. धनुर्वात आणि घटसर्पाचं निष्क्रिय केलेलं विष आणि थोडा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, हेच त्यातले मुख्य घटक. वहिनी, ही लस 10 आणि 16 व्या वर्षी द्यायची असते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पोरीला याच आठवड्यात घेऊन जा.