बोलताना रक्त फक्त डाव्या मेंदूत धावतं?

‘बोलताना मेंदूतलं रक्त डावीकडे धावतं, उजवा भाग बंद असतो. रोज मोठ्याने वाचा, रक्तपुरवठा वाढेल. जीभ अडखळू लागली तरी हाच उपाय.’ हा मजकूर एका रंगीत चित्रासकट फिरतो आहे. त्यातला शेवटचा सल्ला तर घातक आहे.

चित्रातला लाल ठिपका म्हणजे तेवढ्याच जागी रक्त, असं नव्हे. एमआरआयमध्ये बोलतानाची आणि स्वस्थ पडून असतानाची नोंद ताडून पाहतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा फरक तेवढा रंगवतात. संकेतातला हा फरक बहुधा 1 ते 5 टक्केच असतो. न रंगवलेल्या भागातही रक्त वाहतंच. मेंदूतल्या रक्तप्रवाहाची सरासरी दर 100 ग्रॅममागे मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर आहे. ती 20च्या खाली गेली की पेशींचं काम थांबतं, 10च्या आसपास त्या मरू लागतात. बोलताना उजवा भाग असा बंद पडत नाही.

उलट ओठ, जीभ, स्वरयंत्र हलवणारे भाग दोन्हीकडे आहेत, स्वतःचा आवाज ऐकणारेही. शब्द शोधणं आणि वाक्य जुळवणं यांत बहुतेकांचा डावा भाग वरचढ असतो, एवढं खरं. ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर चाचणीत एक अक्षर देऊन त्यावरून मनातल्या मनात शब्द आठवायला सांगतात. तेव्हा रक्ताचा वेग मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या धमन्यांत वाढतो, डावीकडे थोड्या टक्क्यांनी जास्त. काही डावखुऱ्यांत हेच उलट दिसतं.

शब्द मनातल्या मनात का? जबडा हलला की नोंद बिघडते. शिवाय मोठ्याने सलग बोलताना श्वासाची लय बदलते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटू शकतो. त्याचा दाब पाऱ्याच्या 1 मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तप्रवाह साधारण 3 टक्क्यांनी घटतो. म्हणजे मोठ्याने वाचताना प्रवाह कमीही होऊ शकतो!

जास्त रक्त म्हणजे जास्त तल्लख, हेही चूक. ‘कात्री’ हा शब्द पाहून ‘कापणे’ म्हणायचं, अशा सरावाचा 1994 साली अभ्यास झाला. उत्तरं झटपट येऊ लागली तशी डाव्या पुढच्या भागातली रक्तप्रवाहाची वाढ ओसरली.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांना वाचन-उच्चाराचा सराव वाचा-उपचारतज्ज्ञ देतात, आणि तो उपयोगी पडतो, कारण भाषेची घडी पुन्हा बसते. पण बोलणं अचानक अडखळलं, शब्द सुचेनासे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो; वाचत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून घ्या आणि रुग्णाला तडक रुग्णालयात न्या.