तिची तक्रार आणि आपली अश्लीलता

मुंबईत महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीचा चेहरा कोणीतरी एका नग्न छायाचित्रावर चिकटवला आणि ते चित्र तिच्या वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटात फिरवले. मला हे इथे अमेरिकेत, मिनियापोलिसमध्ये, मध्यरात्री कळले. पुढचे दोन दिवस आमच्या नातेवाइकांच्या गटात असल्या साइटवर सरसकट बंदी हवी, २०१५ मध्ये सरकारने ८५७ साइट बंद केल्या होत्या तेव्हा माघार का घेतली, हीच चर्चा चालली. पोलीस ठाण्यात तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो चित्र किती अश्लील आहे हा. तिचे स्वतःचे म्हणणे इतकेच होते, की ते कोणाकोणाकडे गेले आहे ते शोधा आणि काढून टाका.

मी ज्या शहरात राहते तिथे हाच गुंता ४० वर्षांपूर्वी भर सभागृहात सोडवायचा प्रयत्न झाला होता. आज ज्या लेक स्ट्रीटवर मेक्सिकन आणि सोमाली लोकांची दुकाने आहेत, तिथे तेव्हा अश्लील पुस्तकांची आणि चित्रफितींची दुकाने होती, आणि ती आपल्या वस्तीतून हलवावीत अशी आजूबाजूच्या रहिवाशांची मागणी होती. त्यांनी मदत मागितली ती त्या वेळी इथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या स्त्रीवादी लेखिका अँड्रिया ड्वॉर्किन आणि कायदेतज्ज्ञ कॅथरीन मॅकिनन या दोघींकडे. दोघींनी सांगितले, की दुकान या गल्लीतून त्या गल्लीत गेल्याने काहीच साधत नाही. पोर्नोग्राफी हा स्त्रियांच्या नागरी हक्कांचा भंग माना आणि जिला इजा झाली तिला दिवाणी दावा लावण्याचा अधिकार द्या. डिसेंबर १९८३ मध्ये नगर परिषदेपुढे झालेल्या सुनावणीत बायकांनी उभ्या राहून आपापली हकिकत सांगितली. परिषदेने नियम मंजूर केला, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला देऊन महापौर डोनाल्ड फ्रेझर यांनी तो फेटाळला. पुढच्या वर्षी पुन्हा मंजूर झाला तेव्हाही फेटाळला. इंडियानापोलिसमध्ये १९८४ साली तसाच नियम मंजूर झाला तो तिथल्या रूढिप्रिय राजकारण्यांच्या पाठबळावर, आणि न्यायालयांनी तो रद्द ठरवला. कितीतरी स्त्रीवादी बायकाही या नियमाच्या विरोधात होत्या, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर होते, कारण त्याची व्याख्या इतकी ऐसपैस होती की तिच्यात उद्या कोणाला गोवले जाईल याचा भरवसा नव्हता. तरीही त्या सुनावणीचे मोल मी कमी मानत नाही. बघणाऱ्याचे मन बिघडते का, या जुन्या प्रश्नाऐवजी चित्रातल्या बाईचे काय झाले, हे एका शहराने जाहीरपणे विचारले.

आपल्याकडचा कायदा मात्र कायम बघणाऱ्याचीच चिंता वाहत आला. डी. एच. लॉरेन्सची कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतल्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली तेव्हा कसोटी लावली ती १८६८ सालच्या इंग्लंडमधली, म्हणजे वाचणाऱ्याची नीती भ्रष्ट होण्याची. ती कसोटी २०१४ पर्यंत टिकली. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा १९८६ चा कायदा आला तोही या चिंतेतून सुटला नाही: त्याच्या व्याख्येत स्त्रीची अवहेलना आणि सार्वजनिक नीतीला बाधा या दोन गोष्टी एकाच वाक्यात शेजारी बसवल्या आहेत. मुंबईत १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीवरून दोन नामवंत मॉडेलांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. दोघेही आपल्या मर्जीने उभे राहिले होते. तरी निर्दोष सुटायला त्यांना २००९ उजाडले.

मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात पोलीस निर्दोष सुटल्यानंतर १९८० मध्ये मुंबईत ज्या बायका ‘फोरम अगेन्स्ट रेप’ म्हणून एकत्र आल्या आणि पुढे ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ झाल्या, त्यांच्यापुढे बाईची इजा आणि समाजाची नीती यांच्यातला हा पेच पुनःपुन्हा येत राहिला. त्या दशकात देशातल्या अनेक शहरांत स्त्री संघटनांनी चित्रपटांच्या पोस्टरांना काळे फासले, आणि बाईला विकाऊ वस्तू करणाऱ्या जाहिरातींवरचा तो राग खराच होता. पण संस्कृतिरक्षकांच्या हातातही तोच काळ्या रंगाचा डबा होता, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दोघांतला फरक कळणे कठीण होते. माझ्या मते मुंबईतल्या या बायकांचा खरा कस लागला तो २००५ मध्ये. राज्य सरकारने डान्स बार बंद केले, तेही तारांकित हॉटेलांना सूट देऊन, आणि कारण सांगितले स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे. तेव्हा फोरमने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने बारमधल्या सुमारे ५०० जणींना गाठून त्यांचे घर, शिक्षण, कमाई, आधीची कामे यांची माहिती घेतली. बायकांच्या शरीराच्या बाजाराविरुद्ध बोलत आलेली ही चळवळ नाचणाऱ्या बायकांच्या रोजीरोटीसाठी न्यायालयात उभी राहिली. सगळ्या स्त्री संघटना या बाजूला नव्हत्या, आणि त्या वेळी मीसुद्धा घरच्यांच्या सुरात सूर मिसळून ‘बरे झाले, बंद झाले’ म्हटले होते. त्याची मला आज लाज वाटते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला. मधल्या सात-आठ वर्षांत त्या बायकांचे संसार कसे चालले असतील, हा प्रश्न प्रतिष्ठेची भाषा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारला.

म्हणूनच नातेवाइकांच्या गटातली बंदीची मागणी मला मान्य होत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अश्लीलतेचा अर्थ स्त्रियांना होणाऱ्या इजेशी जोडला, तेव्हा स्त्रीवाद्यांना तो आपला विजय वाटला. पोलिसांनी मात्र लवकरच टोरांटोतल्या समलिंगी वाचकांच्या पुस्तकाच्या दुकानावर कारवाई केली. मी राहते त्या मिनेसोटा राज्याने २०१६ मध्ये केलेला कायदा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यात चित्र किती नग्न आहे यापेक्षा ते जिचे आहे तिची संमती होती का, याला महत्त्व आहे, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो वैध ठरवला. आपल्याकडेही या वाटेने जाणाऱ्या तरतुदी आहेत: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई संमतीवर बेतलेले आहे, आणि २०२१ च्या नियमांनी अशी चित्रे, चेहरा चिकटवून केलेली खोटी चित्रेसुद्धा, तक्रारीनंतर ठरावीक तासांत हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. ठाण्यातल्या त्या टेबलावर यातले काहीच निघाले नाही. तिथे तिला अश्लीलतेचे कलम सांगण्यात आले आणि ते चित्र तीन जणांना दाखवावे लागले.

मी तिला त्या नियमांचा मजकूर पाठवला. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी रात्री बसून तक्रारी भरल्या, वर्गातल्या एकेका मुलाला फोन करून चित्र पुसायला लावले आणि कोणी पुसले, कोणी टाळाटाळ केली, याची वहीत यादी केली. ती वही घेऊन ती पुन्हा ठाण्यात जाणार आहे, आणि या वेळी तिची आई, माझी मामेबहीण, बंदीची भाषा बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसणार आहे.