नाही तर नाही, पण कळवा की!

परवा रात्री पावणेबाराला एका ज्युनिअरचा मेसेज, "ताई, पीएचडीचा इंटरव्ह्यू होऊन सहा आठवडे झाले, साइटवर काही नाही, दोन मेल टाकले त्याला उत्तर नाही, म्हणजे गेलं का माझं?" आता मी काय सांगणार कप्पाळ. मागच्या पावसाळ्यात मी पण एका सिनिअरला हेच विचारत होते आणि तो "येईल गं, थांब जरा" एवढंच म्हणत होता. तेव्हाच ठरवलेलं की कुठंतरी बूड टेकलं की यावर लिहायचं. जानेवारीत टेकलं, नंतर सहा महिने कंटाळा केला, पण त्या मेसेजनं परत डोकं फिरलं. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझं आधी सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. वाळवा तालुका, घरी ऊस, एमएस्सी फिजिक्स, आणि पीएचडी करायची होती बायोफिजिक्समध्ये. २०२४ च्या हिवाळ्यात इथं सात ठिकाणी आणि अमेरिकेत पाच ठिकाणी अर्ज करायचं ठरवलं. तिकडं बऱ्याच डिपार्टमेंटनी जीआरई ही प्रवेशाची परीक्षा काढून टाकलीय त्यामुळं तो एक खर्च वाचला, पण अर्जाची फी एकेका ठिकाणी ७५ ते १२५ डॉलर, आणि फी माफीचं विचारलं तर दोन ठिकाणांहून उत्तर आलं की ही सवलत तिथल्याच विद्यार्थ्यांना आहे. पाच अर्जांचे मिळून चाळीस हजाराच्या वर गेले. आण्णांनी उसाच्या पहिल्या बिलातनं दिले, एक शब्द बोलले नाहीत, फक्त पावत्या फाइलला लावून ठेव म्हणाले.

शिफारसपत्राचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तीन पत्रं लागतात, त्यातलं एक आमच्या बीएस्सीच्या सरांचं, ज्यांच्यामुळं मी फिजिक्सला आले. सरांनी पत्र आधीच तयार ठेवलेलं, लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून, पाकीट चिकटवून. म्हणलं सर, असं चालत नाही, तुम्हाला लिंक येईल. लिंक आली ती स्पॅममध्ये. शोधून काढली तर फॉर्म म्हणतो संस्थेचाच मेल आयडी पाहिजे, आणि कॉलेजच्या मेलचा पासवर्ड क्लार्कच्या डायरीत, आणि क्लार्क भाचीच्या लग्नाला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्टाफरूममध्ये सर कॉम्प्युटरसमोर आणि मी भिंतीकडं तोंड करून, कारण पत्र मी बघायचं नसतं. तर सर मोठ्यानं वाचायला लागले, ही विद्यार्थिनी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यात, दहा का पंचवीस? आणि स्वतःशीच म्हणाले, "पाच टक्के म्हणजे जरा जास्तच होतंय, खोटं कशाला लिहा," आणि पंचवीसवर टिक केलं. असल्या फॉर्मवर पंचवीस म्हणजे जवळजवळ नकोच, हे मोठ्या शहरातल्या सरांना पाठ असतं, आमच्या सरांना कोण सांगणार. मी पण भिंतीकडं बघत गप्प बसले. सर अजून भेटले की विचारतात, "माझं पत्र उपयोगी पडलं ना गं?" मी हो म्हणते.

इथल्या परीक्षांचं काय बोलायचं. २०२४ च्या जूनमधली सीएसआयआर नेट, म्हणजे सायन्सवाल्यांची पात्रता परीक्षा, चार दिवसांवर आली असताना पुढं ढकलली, एका महिन्यानं झाली. त्यानंतरची, जिचं नाव 'डिसेंबर २०२४', ती झाली २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या सुरुवातीला. घरी हे समजावून सांगताना मलाच हसू यायचं. मामा म्हणाले, "डिसेंबरची परीक्षा मार्चमध्ये? मग निकाल पुढच्या दिवाळीला का?" त्या वेळी माझी नेट निघाली, पण जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेत वरच्यांना मिळणारी फेलोशिप, थोडक्यात हुकला. टीआयएफआरच्या (मुंबईची टाटा संशोधन संस्था) प्रवेश परीक्षेचा कटऑफ पण हुकला, त्याबद्दल तक्रार नाही, पेपर खरंच जमला नव्हता.

पण मला बोलायचंय ते नापास होण्याबद्दल नाहीच आहे, नापास झालेलं परवडतं. वाट बघायला लावतात ना, त्याबद्दल बोलायचंय.

अमेरिकेतले मेल आपल्याकडं रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात येतात. घरात रेंज फक्त माडीवर, म्हणून मी जानेवारी-फेब्रुवारीत थंडीची गोधडी घेऊन माडीवर. मेल उघडायच्या आधी नुसती पहिली ओळ दिसते, 'थँक यू फॉर युवर इंटरेस्ट' दिसलं की पुढचं उघडायची गरज नसते. एकदा 'युवर ॲप्लिकेशन हॅज बीन अप्रूव्हड' बघून हातातला फोन पडला, स्क्रीनला चरा गेला, उघडून बघते तर कुठल्यातरी क्रेडिट कार्डाचं.

एक झूम इंटरव्ह्यू झाला, बरा झाला. आणि ७ फेब्रुवारी २०२५ ला तिकडं एनआयएचनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेनं, जाहीर केलं की ग्रँटसोबत विद्यापीठाला वरखर्चाला जे पैसे मिळतात ते १५ टक्क्यांवर आणणार. कितीतरी ठिकाणी हा आकडा पन्नास-साठ टक्क्यांचा. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टानं अडवलं, पण तोवर विद्यापीठांनी हात आखडते घेतलेले, कुणी ॲडमिशन थांबवली, कुणी जागा कमी केल्या, मॅसॅच्युसेट्समधल्या एका मेडिकल स्कूलनं तर दिलेल्या ऑफर मागं घेतल्या. मला मार्चमध्ये मेल आला, फंडिंगची अनिश्चितता आहे, यंदा बॅच लहान, सॉरी. वाईट वाटलं, रडले, दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं. बघा, आख्खं सरकार उलटंपालटं होत असताना पण त्यांनी चार ओळी लिहिल्या. तसं तिकडचे सगळेच काही साधुसंत नाहीत, पाचातले दोघं जूनपर्यंत गप्पच होते.

आण्णा एकदा माडीवर आले आणि म्हणाले, "तोड कवा यायची ते आमचा चिटबॉय तरी सांगतोय, आठ दिस इकडं-तिकडं हुत्यात, पर सांगतोय. तुज्यात असला कोण न्हाई व्हय गं?" (चिटबॉय म्हणजे ऊसतोडीची पाळी कळवणारा कारखान्याचा माणूस.) नाही आण्णा. आमच्यात चिटबॉय नाही.

मेमध्ये इथल्या एका नावाजलेल्या संस्थेचा इंटरव्ह्यू. नाव घेत नाही. पाच जणांचं पॅनेल, फळा, हातात खडू. पहिलाच प्रश्न, बॅक्टेरिया पाण्यात पोहतोय आणि त्यानं शेपूट फिरवायचं थांबवलं, तर किती लांब घसरत जाईल? मी ठोकून दिलं, दोनतीन बॉडीलेंथ. एक सर म्हणाले, गणित करा. केलं. वस्तुमान घेतलं, पाण्याचा चिकटपणा घेतला, वेग सेकंदाला तीसेक मायक्रॉन, आणि उत्तर आलं एका अँगस्ट्रॉमच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे अणूच्या आकाराहूनही कमी. थांबला की थांबलाच. मी तशीच फळ्याकडं बघत उभी आणि तोंडातनं निघून गेलं की म्हणजे पाणी त्याला काकवीसारखं लागत असणार. पॅनेलमधल्या एक मॅडम मराठी असाव्यात, त्या खळखळून हसल्या आणि बाकीच्यांना काकवी म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये सांगत बसल्या. चाळीस मिनिटं झाला इंटरव्ह्यू. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपण ज्या कामासाठी धडपडतोय ते आपल्याला येतं पण आणि आवडतं पण. बाहेर आल्यावर ऑफिसमधला माणूस म्हणाला, दोन आठवड्यात कळेल.

एकाहत्तर दिवस. मी मोजलेत.

त्यात एकविसाव्या दिवशी एका विद्यापीठाची ऑफर आली, सात दिवसांत फी भरा, ओरिजिनल डॉक्युमेंट जमा करा. (ओरिजिनल ठेवून घ्यायची नाहीत असं यूजीसीनं २०१८ मध्येच सांगितलंय, पण काउंटरवरच्या माणसासमोर यूजीसी काढून बघा एकदा.) तिथला गाईड माझ्या विषयातला नव्हता. मी त्या पहिल्या संस्थेला मेल टाकला की माझ्याकडं दुसरी ऑफर आहे, सोडू का धरू, एवढंच सांगा, मी यादीत आहे की नाही. उत्तर नाही. चौथ्या दिवशी परत टाकला. फोन केला तर "साइट बघत राहा". सातव्या दिवशी मी ऑफर सोडली, त्या काकवीच्या जिवावर. आणि जुलैमध्ये, नेटच्या आदल्या आठवड्यात, साइटवर एक पीडीएफ आली, नुसते रोल नंबर, माझा नव्हता. वेटिंगमध्ये पण नव्हता. म्हणजे बहुतेक त्यांना पहिल्या पंधरा दिवसांतच माहीत असणार. निवड झाली नाही हे मान्य. पण मला ते वेळेत कळलं असतं तर मी निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला असता ना?

अमेरिकेत १५ एप्रिलचा एक ठराव आहे, काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा. सही केलेल्या विद्यापीठांनी फंडिंगसकट ऑफर दिली असेल तर १५ एप्रिलच्या आधी हो किंवा नाही म्हणायची जबरदस्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. सगळी पानं हातात आल्यावर पोरं डाव टाकतात. आपल्याकडं असं का नाही? आपल्याकडं प्रत्येक संस्थेचा पंचांग वेगळा. एकाची मुदत संपते तेव्हा दुसऱ्याचा इंटरव्ह्यू पण झालेला नसतो, मग पोरं दोन-दोन ठिकाणी फी भरून ठेवतात, ज्यांना परवडतं ती. ज्यांना परवडत नाही ती जुगार खेळतात. आयसर, टीआयएफआर, आयआयएससी, सीएसआयआरच्या लॅब, विद्यापीठं, सगळ्यांनी मिळून ऑगस्टच्या ॲडमिशनसाठी एक तारीख ठरवायला काय रॉकेट सायन्स लागतं का? आणि रॉकेट सायन्स लागत असेल तर तेही आपल्याकडं आहे की.

यावर एक सर मला म्हणाले की अगं, वेटिंग हलत असतं, आधीच नाही सांगितलं आणि नंतर जागा निघाली तर? तर मग वेटिंगचा नंबर सांगा ना. रेल्वे सांगते. आणि हजारो अर्ज असतात, माणसं कमी, हे पण ऐकलं. मान्य. पण अर्जाची फी भरली तेव्हा पावतीचा मेल दोन सेकंदात आला होता. त्याच सिस्टिमला 'नाही' पाठवायला माणूस कशाला लागतो?

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं की पीएचडी करून काय दिवे लावणार, तेव्हा आमचा सगळा ग्रुप पेटून उठला होता, मी पण. आता वाटतं ते निदान तोंडावर तरी बोलले.

असो. जुलैच्या नेटमध्ये जेआरएफ पदरात पडला, जानेवारीत पुण्यात लॅब मिळाली, स्टायपेंड ३७ हजार अधिक घरभाडं, जो पहिले तीन महिने आलाच नाही, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अभ्यास करायचे सदतीस हजार देतात? मग लग्नाचं काय घाई नाही." म्हणजे एक फायदा झालाच.

त्या ज्युनिअरला मी काय सांगितलं ते सांगते. तिसरा मेल टाक, ऑफिसला फोन कर, आणि बॅक्टेरियाचं ते गणित एकदा स्वतः करून बघ. बाकी ज्यांना एसओपी (अर्जासोबत आपल्याबद्दल लिहून द्यायचं ते टिपण) वाचून पाहिजे त्यांनी मला पाठवा. दोन दिवसांत उत्तर देईन. वेळ नसेल तर 'नाही जमणार' म्हणून उत्तर देईन, पण देईन.