फोनवर लिनक्स हवंय? मग वाचायचं मात्र नाही

कपाटात पडलेल्या पोको एफ१ वर लिनक्स चढवायचं मनात आलंय ना? उत्तम. फक्त पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्सच्या विकीकडे चुकूनही फिरकू नका. तिथे प्रत्येक फोनचं वेगळं पान असतं आणि वाय-फाय चालतं का, कॅमेरा चालतो का, कॉल लागतो का, याचा तक्ता सरळ मांडून ठेवलेला असतो. असले तक्ते वाचले की उत्साह मावळतो. त्यापेक्षा 'कोणताही अँड्रॉइड पाच मिनिटांत लिनक्स' छापाचा व्हिडिओ बघा. त्यात टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाकून काळ्या पडद्यावर अक्षरं पळवतात. अँड्रॉइड जागचं हलत नाही, पण आपल्या चेहऱ्यावर तेज येतं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, असतो, असं कोणी म्हणालंच तर तो माणूस खडूस समजा.

बातम्या वाचताना तारीख बघायची नाही. उबुंटू एज नावाच्या फोनसाठी २०१३ मध्ये ३.२ कोटी डॉलर जमवायचे होते, जेमतेम १.२८ कोटी जमले आणि फोन आलाच नाही. तरी 'लवकरच येतोय' म्हणून पुढे ढकला. उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये उबुंटू टच हे फोनसाठीचं लिनक्स सोडून दिलं आणि तेव्हापासून यूबीपोर्ट्सची स्वयंसेवक मंडळी ते सांभाळताहेत. हे कळलं तर त्यांच्याकडे जाऊन विचारावं लागेल, म्हणून नकोच.

आता मॅट्रिक्स किंवा टेलिग्रामवरच्या ग्रुपात शिरा. पहिला मेसेज 'हाय', दुसरा 'कोणी आहे का?' फोनचं मॉडेल मात्र लग्नाच्या बोलणीतल्या पगारासारखं शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवा. पोको एफ१ च्या स्क्रीन दोन कंपन्यांच्या आहेत, तियानमा आणि ईबीबीजी, आणि त्यानुसार फोनमध्ये चढवायची इमेज (सिस्टीमची फाइल) वेगळी लागते. 'तुमची कुठली?' असं कोणी विचारलं तर 'काचेची' म्हणा. ही कामं करणारे बरेचजण युरोपातले. ते नोकरी आटपून संध्याकाळी बसतात, तेव्हा आपल्याकडे निजानीज झालेली असते. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही की 'डेड ग्रुप आहे' असं जाहीर करून बाहेर पडा.

एक प्रश्न मात्र मुद्दाम राखून ठेवा: व्होल्टी (फोरजीवरून कॉल) चालतं का? जिओला टूजी-थ्रीजी नाहीच. त्यामुळे व्होल्टी नसेल तर सिमवर इंटरनेट धावेल, पण साधा कॉल लागणार नाही. भारतात विचारायचा पहिला प्रश्न हाच. म्हणूनच बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर, उघडून, सगळे फोटो पुसले गेल्यावर तो विचारावा. बँकेच्या अ‍ॅपची चौकशीही तेव्हाच.

आणि कुणा भल्या माणसाने रात्री जागून तुमचं घोडं गंगेत न्हाऊ घातलंच, तर विकीवर खातं उघडून चार ओळींची भर घालत बसू नका. ग्रुपात 'झालं, थँक्स' एवढंच टाका. कसं झालं, ते अजिबात लिहायचं नाही.