पाकिटातली हवा काढली म्हणून आमटी महिनाभर टिकत नाही

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप तिसऱ्यांदा आला. भाचा म्युनिकला शिकायला निघालेला, घरात बॅगा भरायची गडबड, आणि वन्संनी तो निरोप खरा मानून भरली वांगी, मटकीची उसळ आणि ओल्या नारळाची चटणी व्हॅक्यूम करायला, म्हणजे यंत्राने पिशवीतली हवा ओढून ती बंद करायला, घेतली होती. फ्रीजचा प्रश्नच नव्हता, सगळं थेट बॅगेत जाणार होतं.

निरोप थोडक्यात असा: "हवा नाही तर जंतू नाहीत. घरच्या व्हॅक्यूम सीलरने बंद केलेली भाजी, आमटी, मासे फ्रीजशिवाय महिनाभर ताजे राहतात. दुकानातली रेडी-टू-ईट पाकिटं अशीच बनतात. आज्या लोणच्यावर तेल ओतायच्या ते याचसाठी. फ्रीजमध्ये ठेवलं तर पाचपट टिकतं. जीवनसत्त्वं शंभर टक्के राहतात. पाकीट फुगलं नाही, वास आला नाही, तर बिनधास्त खा."

हे यंत्र माझ्याकडे चार वर्षं आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी ते बाहेर निघतं, त्यामुळे माझं भांडण यंत्राशी नाही. पण हा निरोप वाचून कुणाच्या तरी मुलाच्या ताटात विष पडू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"हवा नाही तर जंतू नाहीत." बाकीचं सगळं या वाक्यावर उभं आहे, आणि हेच चुकीचं आहे. पुष्कळ जंतूंना हवा असली काय, नसली काय, सारखंच. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूला तर हवा सोसतच नाही. ती काढून घेतली की त्याचं फावतं. तो मातीत राहतो, म्हणजे बटाटे, गाजरं, कांदे, लसूण यांच्याबरोबर आपल्या ओट्यापर्यंत येतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपून राहिलेलं त्याचं चिवट रूप, साध्या उकळीने मरत नाहीत. खळखळून उकळलेल्या आमटीतही ते तग धरू शकतात. तीच आमटी हवाबंद करून उन्हाळ्याच्या दिवसांत ओट्यावर ठेवली की बीजाणू रुजतात, जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ती खाल्ली की बहुधा बारा ते छत्तीस तासांत पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसायला लागतात, तोंडाला कोरड पडते, घास गिळवत नाही. मग लुळेपणा खाली उतरत जातो आणि श्वासाचे स्नायू थकतात. ताप सहसा येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी हे अन्नातून झालंय असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. अशी लक्षणं दिसली तर घरी थांबू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते सांगा.

"हे परदेशातले आजार" असं वन्सं म्हणाल्या. परदेशातलं उदाहरण आहेच: १९६३ साली अमेरिकेत ग्रेट लेक्समधल्या धुरी दिलेल्या माशांची व्हॅक्यूम पाकिटं पुरेशी थंड न ठेवता दूरवर पाठवली गेली आणि ती खाऊन माणसं दगावली. पण १९९६ साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेतली ३४ मुलं अशाच लक्षणांनी आजारी पडली. तिथे हेच विष बनवणारा एक भाऊबंद जंतू, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम, सापडला आणि संशय होता बेसनाच्या शेवेवर. शेव! आपल्या डब्यातली.

"दुकानातली पाकिटं अशीच बनतात." नाही. ती पाकिटं आधी भरून बंद करतात आणि मग बंद पाकिटासकट दाबाखालच्या वाफेत तापवतात. पाकिटाच्या अगदी मधोमध १२१ अंश सेल्सिअसला किमान तीन मिनिटांइतकी उष्णता पोचली पाहिजे असा हिशेब असतो, कारण तेवढ्याने बॉट्युलिनमचे बीजाणू मरतात. या तंत्राला रिटॉर्ट म्हणतात. आपल्या सैन्यासाठी त्यावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने मोठं काम केलं आहे. ते पाकीटही आपल्या पिशवीसारखं नसतं, त्यात बहुधा ॲल्युमिनियमचा थर असतो. म्हणजे अन्न टिकतं ते आतच तापवून निर्जंतुक केल्यामुळे. हवा काढणं हा त्यातला छोटा भाग.

यावर एक हुशार प्रश्न येतो, आणि तो मला दोघींनी विचारला: प्रेशर कुकरमध्येही साधारण १२० अंश होतात, मग कुकरमधून काढून लगेच सील केलं तर? कुकरचं झाकण उघडलं, डाव घातला, पिशवीत ओतलं, की त्या प्रत्येक पायरीला नवे जंतू आत जातात. निर्जंतुक करून मग बंद करणं आणि बंद करून मग निर्जंतुक करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय गरम रस्सा घरच्या यंत्रात घातला तर दाब कमी होताच तो उसळून वर येतो, जोड ओला होतो आणि सील नीट बसत नाही.

"आज्या लोणच्यावर तेल ओतायच्या." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण यात आज्यांच्या शहाणपणाचं नाव घेऊन त्यांच्या पद्धतीचा अर्धाच भाग सांगितलाय. तेलाचा थर हवा अडवतो, खरं आहे. पण त्या थराखाली काय असायचं? मुबलक मीठ, कैरीचा किंवा लिंबाचा आंबटपणा, मीठ लावून पाणी काढून टाकलेल्या फोडी, उन्हात कोरडी केलेली बरणी. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट; तो ४.६ च्या खाली गेला की बॉट्युलिनम वाढू शकत नाही. लोणच्याचा पीएच त्याच्या बराच खाली असतो. लोणचं मीठ आणि आंबट यांच्या जिवावर टिकतं; तेल वरची बुरशी रोखतं. मुरांब्यात हे काम साखर करते, पापड-कुरडया-सांडग्यांत ऊन. आमटीत चार आमसुलं पडली म्हणून ती लोणच्याइतकी आंबट होत नाही.

नुसत्या तेलाने काय होतं तेही घडून गेलंय. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलात बुडवलेला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवून वापरला गेला आणि ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाली. लसणात आंबटपणा नाही, तेलाने हवा अडवली, झालं. म्हणून सोललेला कच्चा लसूण व्हॅक्यूम करून ठेवू नये, आणि कच्चा लसूण घातलेली ओलसर चटणी तर बाहेर मुळीच ठेवू नये. मशरूमचंही तसंच.

"फ्रीजमध्ये पाचपट टिकतं." काही पदार्थ जास्त टिकतात, हे मी स्वतः पाहते. पण सगळ्यांना पाचाने गुणायचं गणित कुठून आलं? थंडीने बहुतेक जंतूंचा वेग मंदावतो, लिस्टेरिया मात्र चार अंशांवर, हवेशिवायही वाढत राहतो, आणि गरोदर बाईला तो फार धोक्याचा आहे. माशांवर सापडणारा बॉट्युलिनमचा ई प्रकार तर तीन-साडेतीन अंशांपासूनच वाढू शकतो. आपल्या घरचे फ्रीज, दिवसातून चाळीस वेळा उघडणारे आणि वीज गेली की तासन् तास बंद राहणारे, चार अंशांवर असतात तरी का? दीड-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आत ठेवून एकदा बघा. शिजवलेली भाजी मी व्हॅक्यूम केली तरी तीन-चार दिवसांतच संपवते, उघड्या डब्यातली संपवते तशीच.

बांगड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. बांगडा उबेत राहिला की त्यात हिस्टामीन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं. ते करणाऱ्या जंतूंना हवेची अडचण होत नाही, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामीन ना शिजवून जातं ना गोठवून. बाजारातून बर्फात आणा, साफ करा, लगेच पॅक करून फ्रीझरमध्ये टाका. आणि फ्रीझरमधून काढलेला मासा फ्रीजमध्ये वितळवताना पाकीट आधी कापा किंवा मासा बाहेर काढा. बंद पाकिटात वितळत ठेवला की पुन्हा तोच हवाबंद धोका.

"जीवनसत्त्वं शंभर टक्के राहतात." क जीवनसत्त्व हवेने जातं तसंच उष्णतेने आणि उजेडानेही जातं. शंभर टक्के काहीच राहत नाही.

आता शेवटचं वाक्य, "वास आला नाही तर बिनधास्त खा." आपल्या स्वयंपाकघरात हेच मोजमाप चालत आलंय. झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं. आंबूस वास, डाळीला सुटलेली तार, कडेला आलेली बुरशी. ही खूण आपल्याला देतात ते बरेचसे हवा लागणारे जंतू. ते अन्न नासवतात, दुर्गंधी आणतात, आणि म्हणून आपण ते फेकून देतो. व्हॅक्यूममध्ये नेमके हेच आधी थंडावतात. उरतात ते हवेवाचून वाढणारे, आणि त्यांतले काही वास न आणता, पाकीट न फुगवता विष करू शकतात. म्हणजे जी खूण बघून आईने आपल्याला वाढवलं, ती या पिशवीत चालत नाही. फुगलेलं पाकीट तर फेकायचंच, पण सपाट पाकीट सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. चाखून बघणं सगळ्यात वाईट. या विषाची मात्रा फार थोडी लागते.

मग यंत्र कशाला? सुक्या आणि गोठवायच्या वस्तूंसाठी. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, काजू यांना खवटपणा येतो तो मुख्यतः हवेमुळे, आणि इथे फरक जिभेला कळतो. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं उत्तम राहतात. तांदळाला सोंडे लागत नाहीत, फक्त दाण्याच्या टोकाने पिशवीला भोक पडलं नाही ना, हे बघावं. सोडे आणि सुके बोंबील आधी कागदात गुंडाळा. फ्रीझरमध्ये पापलेट, मटण, आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढलेले मटार, खवलेला ओला नारळ, पुरण. आमरस आधी डब्यात गोठवायचा आणि मग ती वडी सील करायची, म्हणजे रस यंत्रात ओढला जात नाही. मे महिन्यातला हापूस असा आमच्याकडे दिवाळीला निघतो.

वन्संना मी हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा त्या थोड्या रागावल्या. "अगं वहिनी, पोराने तिकडे जाऊन खायचं काय?" रात्री पुन्हा त्यांचाच फोन आला. वांगी आणि उसळ घरीच संपली. बॅगेत गेलं मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, खोबऱ्याची कोरडी चटणी लसणाशिवाय, कैरीचं लोणचं आणि उसळ कशी करायची ते लिहिलेला कागद.