फरसबीच्या डागाळलेल्या पानांतलं ‘विष’
इंदूरच्या आपल्या गच्चीबागवाल्या मंडळींत एक निरोप फिरतोय: फरसबीच्या पानांवर बुरशीचे डाग दिसले की सगळ्या वेलात विष भिनतं, शेंगा फेकून द्या. कृपया फेकू नका, हे चुकीचं आहे. बुरशी घुसते तिथल्याच पेशींच्या आसपास वेल फॅसिओलिन नावाचं बुरशीरोधक रसायन तयार करतो. ते संसर्गाच्या जागीच साठतं, वेलभर पसरत नाही. काही बुरश्या तर तेही पचवतात, म्हणून डागाळलेली पानं वेळीच खुडा. गोंधळ बहुधा राजम्यावरून, म्हणजे फरसबीच्याच जातीच्या वाळलेल्या दाण्यांवरून, झाला असावा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं पोट बिघडवणारं प्रथिन असतं, पण ते निरोगी वेलाच्या दाण्यांतही असतंच. भिजवून, पाणी बदलून खळखळ उकळलं की निकामी होतं. स्वच्छ, बिनडागाच्या शेंगांची भाजी खुशाल करा.