पेडल घरी बनत नाही म्हणे!

परभणीत गिटारवाल्यांचे दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत आणि दर दोन-चार महिन्यांनी सगळ्यांवर एकच मेसेज फिरून येतो. मजकूर साधारण असा: गिटारचं इफेक्ट पेडल, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायचा डबा, घरी बनवायच्या नादी लागू नका. पार्ट मुंबई-पुण्याशिवाय मिळत नाहीत. ते इंजिनिअरचं काम आहे. करंट लागतो. बनलंच तर नुसतं गुणगुणतं. खरा फझ, म्हणजे तो फाटका घरघरता आवाज, जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरशिवाय येत नाही. आणि एवढं करून कंपनीच्या पेडलापेक्षा महाग पडतं. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी पार्टचं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातला पासोड्या विठोबा, या पार्टच्या बाजारांची फेरी काही वाईट नाही, पण त्याआधी आपल्याच गावातल्या माईकवाल्याकडे जा. जयंती, गणपती, लग्नसराई, सप्ताह असं वर्षभर चालतं आपल्याकडे, त्यामुळे मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलेला एक तरी माणूस तालुक्याच्या गावी असतोच. त्याला म्हणा, दादा, बास-ट्रेबलचा बोर्ड दाखवा. त्यावर आठ पायांची एक काळी आयसी, म्हणजे चिप, दिसेल, नंबर ४५५८. आता गंमत बघा. आयबानेझ या कंपनीनं १९७९ मध्ये ट्यूब स्क्रीमर या पेडलचं टीएस ८०८ हे मॉडेल आणलं, ज्याच्या नावानं लोक आजही जीव टाकतात, त्यात हीच ४५५८ होती. जपानी बनावटीची, एवढंच.

म्हणजे जादू आयसीत नाही, तिच्या भोवती काय लावलंय त्यात आहे. ट्यूब स्क्रीमरमध्ये आउटपुटकडून परत इनपुटकडे येणाऱ्या फीडबॅकच्या वाटेवर डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सिग्नल मोठा झाला की ते उघडतात आणि त्याचे शेंडे गोलसर दाबले जातात. १एन४१४८ डायोड लावा, टीव्ही-रिमोट दुरुस्तीवाल्याकडे पुडीत मिळतो. तिथेच ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही जोडी आहे. गणित केलं तर ७२० हर्ट्झ येतात. त्याच्या खालच्या आवाजाला कमी ताकद मिळते, म्हणून त्या पेडलचा आवाज मधल्या पट्टीत नाकातून बोलल्यासारखा वर येतो. हा 'कंपनीचा टोन' दोन फुटकळ पार्टांचा आहे.

डिलेचंही, म्हणजे आवाज थोड्या वेळानं पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलचंही, तसंच. कव्वालीच्या नाहीतर भीमगीतांच्या कार्यक्रमात गायकाच्या मागे जो एको घुमतो, त्याच्या बोर्डावर बऱ्याचदा पीटी २३९९ ही आयसी असते. घरगुती डिले पेडलं बनवणारे जगभर हीच आयसी वापरतात.

आपल्या बाजारात खरोखर मिळत नाही अशी वस्तू एकच, पायानं दाबायचा नऊ पायांचा स्विच, थ्री-पीडीटी. तो ऑनलाइन मागवावा लागतो. गिटारची वायर खुपसायचा जॅक मिळतो, फक्त दुकानात पी-३८ मोनो म्हणायचं. डबा? भिंतीत बसवायचा पत्र्याचा मॉड्युलर बॉक्स घ्या. स्टेशन रोडच्या दुकानदारानं मला विचारलं होतं, "किती पॉइंट काढायलेत?"

इंजिनिअरचा मुद्दा मी फार वेळ चघळत नाही. एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, १० किलोओहमचा एक रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि आवाजाचा एक पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, एवढ्यात एक फझ उभा राहतो. बॅझ फस म्हणतात त्याला. बीसी ५४७ लावला तरी वाजतो, डार्लिंग्टन, म्हणजे एकात दोन असलेला ट्रान्झिस्टर, लावला तर जास्त भरतो. चुकायची जागा ठरलेली आहे, ट्रान्झिस्टरचे पाय. सपाट बाजू आपल्याकडे धरली की बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे नेमके उलटे. एकाच्या जागी दुसरा तसाच बसवला आणि पेडल मुकं राहिलं, असं माझंही झालंय. त्याला डिग्री लागत नाही, चष्मा लागतो.

करंट लागतो म्हणे. नऊ व्होल्टच्या बॅटरीनं? चटका सोल्डरिंगचा बसेल, तो वेगळा. स्टेजवर तारांना हात आणि माईकला ओठ लागले की जो झटका बसतो, तो अ‍ॅम्प किंवा मिक्सरची अर्थिंग गेल्याचा असतो. बिचाऱ्या पेडलचा त्यात काही हात नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मात्र उघडू नका, तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात.

गुणगुणीची तक्रार खरी आहे, निदान चुकीचं आहे. माझा पहिला फझ मी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवला होता. रात्री अ‍ॅम्पला लावला, गिटारला हातही लावला नव्हता, आणि स्पीकरमधून एक गृहस्थ तुरीवरच्या अळीचा बंदोबस्त सांगायला लागले. आकाशवाणी! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रेडिओ दुरुस्त झाला वाटतं." फझ सगळंच शेकडो पटीनं मोठं करतो, हवेतलं रेडिओ स्टेशनसुद्धा. सर्किट पत्र्याच्या डब्यात हलवलं, डबा जॅकच्या ग्राउंडला जोडला, आत येणारी वायर शिल्डेड घेतली आणि इनपुटवरून ग्राउंडला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला. तूर गेली.

तरीही घूं येत असेल तर अ‍ॅडॉप्टर काढून बॅटरी लावा. घूं गेली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा. नाही गेली तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आता गेली तर ती पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या कॉइलमधून, येतेय. ट्यूबलाइटपासून लांब होऊन जागेवर वळून बघा, एका दिशेला ती मरते.

अ‍ॅडॉप्टरवरून आठवलं, जुन्या राऊटरचा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पेडलला लावायचा मोह सगळ्यांना होतो. त्याच्या पिनेच्या मध्यभागी बहुतेक वेळा प्लस असतो, गिटार पेडलला सहसा मध्यभागी मायनस लागतो. 'घरचं पेडल जळालं' म्हणणाऱ्यांतले किती जण यात सापडतील कोण जाणे. उलटा जोडलेला अडवायला १एन४००७ डायोड आधीच टाकून ठेवा.

आता जर्मेनियम. इंग्लंडमध्ये १९६६ ला फझ फेस नावाचा फझ जर्मेनियमवर निघाला, हे खरं. पण काही वर्षांतच तो सिलिकॉनवरही निघायला लागला, आणि त्याचं एक कारण उष्णता होती. जर्मेनियम तापला की त्याची गळती वाढते, बायस, म्हणजे त्याची व्होल्टेजची ठरलेली बैठक, सरकतो आणि आवाज घोगरा होऊन तुटतो. हे इंग्लंडच्या हवेत. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४३ अंश असतात. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून काढलेल्या एसी १२८ चा फझ मी बनवला आहे. जानेवारीत लोण्यासारखा वाजतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या मंडपात मी तो नेत नाही, सिलिकॉनच्या बीसी ५४७ चा नेतो.

राहिला खर्च. पहिलं पेडल महागच पडतं, इथे मेसेज बरोबर आहे. सोल्डरिंग, मल्टिमीटर, ड्रिलचे बिट, जळालेले पार्ट हे सगळं त्याच्याच खात्यावर जातं. दुसऱ्या पेडलला मात्र स्विच, डबा आणि जॅक हाच काय तो खर्च. आतल्या सर्किटचे पैसे चहाच्या बिलात बसतात. स्विच मागवताना दोन मागवा. त्याच्या पायाला सोल्डरिंग जरा जास्त वेळ टेकवलं की आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि तो अडकून बसतो. माझा पहिला तसाच गेला, आणि दुसरा कुरिअरनं यायला आठवडा लागला.